पदाच्या डोक्यावरची ओळ

बेळगावच्या शहापुरातल्या एका रद्दीवाल्याकडून दोन वर्षांमागं मी एका संगीत नाटकाचं जुनं पुस्तक आणलं. मुखपृष्ठ नव्हतं, सुरुवातीची पानं गेलेली, शेवटचा अंक वाळवीनं अर्धा खाल्लेला. नाटक कुठलं, कुणाचं, काही कळायला मार्ग नव्हता. पण पदं शाबूत होती आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात एक बारीक ओळ छापलेली होती. आधी 'चाल' हा शब्द, आणि पुढं दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले तीन-चार शब्द. जुनी नाटकं ज्यांनी हाताळलीत त्यांना ही ओळ ओळखीची असेल. पुस्तकात स्वरलिपी नसायची. पद कसं म्हणायचं हे सांगायचा एकच उपाय होता: ते दुसरं गाणं तुला येतं ना, तसंच हे म्हण.

त्यातल्या एका पदावरची चाल मला वाचता येत होती, पण कळत नव्हती. अक्षरं बाळबोध आणि शब्द कानडी.

माझं कानडी कामापुरतं आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून २६ वर्षं मी बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, निपाणी, खानापूर असा फिरतोय. कंपाउंडरशी बोलण्यापुरतं, बसचं विचारण्यापुरतं, जेवण सांगण्यापुरतं कानडी मला येतं. गाण्यातलं नाही येत. म्हणून पुस्तक घेऊन शेजारच्या अक्काकडं गेलो. अक्काचं माहेर बैलहोंगलकडचं, वय सत्तरीच्या पुढं. चाळीस वर्षं आमच्या गल्लीत काढल्यामुळं तिचं मराठी आमच्यापेक्षाही जास्त बेळगावी झालंय.

"काय वाचूलालास रे तम्मा?"

मी ती ओळ वाचून दाखवली. तिनं तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, "बायकांचं गाणं हाय बघ हे. जात्यावरचं असंल, नाहीतर पाळण्याचं. पुढचं काय?" पुढचं पुस्तकात नव्हतंच. छापणाऱ्याला आठवण करून देण्यापुरतेच शब्द हवे होते, बाकीचं गाणं तेव्हा सगळ्यांना येत असणार. अक्काला ते येत नव्हतं. तिनं बैलहोंगलला बहिणीला फोन लावला, बहिणीनं आणखी कुणाला विचारलं. कुणालाच येत नव्हतं.

मराठी पद मात्र सापडलं. टिळकवाडीत एक निवृत्त ऑर्गनवादक आहेत, हौशी मंडळींच्या नाटकांना साथ करायचे. त्यांनी पदाची पहिली ओळ ऐकली आणि वाजवायलाच सुरुवात केली. मी ते फोनवर रेकॉर्ड करून अक्काला ऐकवलं. ती ऐकत राहिली, मग त्या सुरांवर तिनं ते चार कानडी शब्द म्हणून पाहिले. बरोबर बसले. चौथ्या शब्दानंतर ती नुसतीच गुणगुणत राहिली, कारण पुढचे शब्द कुणाकडंच नव्हते.

त्या दिवसापासून ही ओळ माझ्या मागं लागली आहे. कुठल्या तरी कानडी बाईचं जात्यावरचं गाणं विरून गेलं, आणि त्याचा सूर एका मराठी पदाच्या पोटात जिवंत राहिला. आता त्या पदालाच ते गाणं तेवढं ठाऊक.

चाल हा शब्दही मी पुन्हा नव्यानं ऐकायला लागलो. गाण्याची ती चाल, आणि पायांची तीही चाल. गाणं आपल्या पायानं कुठं जात नाही, कुणीतरी घेऊन चालत जावं लागतं. मला आवडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मी आता हाच प्रश्न विचारतो: ही कुणाबरोबर चालत आली?

सीमाभागात वाढलेल्या माणसाला याच्या उलटा प्रश्न लहानपणापासून शिकवला जातो. हे कुणाचं? आमचं की त्यांचं? माझी शाळा मराठी, घर मराठी, आणि या भाषेवरचा माझा जीव तसूभरही कमी झालेला नाही. पण कॉलेजात असताना आम्ही मित्र माणसांची वाटणी करायचो. अण्णासाहेब किर्लोस्कर आपले. गंगूबाई हनगल त्यांच्या. कुमार गंधर्वांवरून तर एकदा भांडण होऊन दोघांनी वर्षभर अबोला धरला होता. त्यातला एक मी. त्या वर्षाचं मला आज मनापासून वाईट वाटतं, कारण त्याच वर्षी त्यानं मला कानडी शिकवायचं कबूल केलं होतं.

अण्णासाहेबांचं गाव गुर्लहोसूर. सौंदत्तीच्या बाजूला आहे. १८४३ साली ३१ मार्चला त्यांचा तिथं जन्म झाला. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. हाच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. ते नाटक कुठून आलं? आदल्या वर्षी, १८४२ मध्ये, उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी खेळ करत सांगलीला आली होती. कर्की होन्नावरजवळ, समुद्राकाठी. सांगलीच्या पटवर्धन राजांनी त्यांचे खेळ पाहिले आणि भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. इतकं सरळ आहे ते. माणसं घाट चढून आली, खेळ केले, पाहणाऱ्याला हुरूप आला. आपल्या रंगभूमीच्या पहिल्या पदाच्या डोक्यावरही 'चाल' लिहिलेली आहे आणि ती कर्कीची आहे.

अण्णासाहेबांनी पुढं बेळगावात शिक्षकी केली, नाटकाची हौस केली, आणि ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं. पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहून त्यांना ते सुचलं, हे सर्वश्रुत आहे. पण पदांना चाली लागतात, आणि चाली माणूस लहानपणी कानावर पडलेल्यांतूनच काढतो. साकी, दिंडी, लावणी यांच्याबरोबर कानडी मुलखातल्या चालीही त्यांच्या पदांत आल्या त्या अशाच. मलप्रभेकाठी वाढलेल्या मुलाच्या कानात आणखी काय असणार?

आणि हे एकाच दिशेनं झालं नाही. मराठी नाटक कंपन्या धारवाड, हुबळी, गदगपर्यंत जाऊ लागल्या, त्यांचा तिथं दबदबा झाला. तो पाहून गदगचे शांतकवी पेटून उठले, आपल्या भाषेत नाटक हवं म्हणून त्यांनी कानडी नाटकं लिहिली, मंडळी उभी केली. म्हणजे कर्कीहून निघालेली गोष्ट सांगलीला मराठी झाली आणि तिनंच पुढं गदगला कानडी माणसाला नाटक लिहायला लावलं. कॉलेजातल्या आमच्या वाटणीत ही गोष्ट कुणाच्या खात्यावर मांडायची?

गुर्लहोसूरचे आणखी एक किर्लोस्कर आपल्याला माहीत आहेत, नांगराचे लक्ष्मणराव. जन्म १८६९. नाटक आणि नांगर एकाच गावातून निघाले, हे ऐकायला छान वाटतं. पण नुसतं गाव एक असणं आणि आडनाव एक असणं याला मी चाल म्हणणार नाही. लक्ष्मणरावांची खरी चाल त्यांच्या हातात आहे. ते चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, रेघ राहिली. पुढं ते यंत्रांची रेखाटनं शिकवू लागले, मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, म्हणून नांगर खपेना. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात त्यांना माळ दिला आणि १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. ते पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. एका चित्रकारानं चित्रकला सोडाव्या लागलेल्या माणसाला जमीन दिली. त्या नांगराच्या फाळाचा बाक मी एका जुन्या वाड्यात अंगणात पडलेला पाहिला आहे. शिकलेल्या हातानं ओढलेली रेघ लोखंडातही कळते.

पण चाल न सापडलेली साम्यंही असतात, आणि त्यांना नाती म्हणायची मला घाई नको. अक्का कशिदा काढते, कसूती. तिच्याकडून मी त्यातले चार टाके शिकलो, नावापुरते: गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी. गवंतीत दोरा एकाआड एक घरं सोडत पुढं जातो आणि परतताना सुटलेली घरं भरत येतो, त्यामुळं कापड पुढून आणि मागून सारखंच दिसतं, गाठ कुठंही दिसत नाही. अगदी असाच टाका युरोपातही आहे आणि त्याला हान्स होल्बाइन या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं नाव पडलंय, कारण त्यानं काढलेल्या माणसांच्या गळपट्ट्यांवर आणि बाह्यांवर तो दिसतो. हे वाचलं तेव्हा मी उडालोच. धारवाडच्या कशिद्यातलं गोपुर आणि लंडनच्या दरबाऱ्याची बाही! आठवडाभर मी व्यापारी, गलबतं, गोवा असं काय काय जुळवत बसलो. अक्काला सांगितलं तर ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "धागे मोजून काढलं की असंच येतंय की रे. दुसरं कसं येणार?" बरोबर होतं तिचं. आडवे-उभे धागे सगळीकडं तेच, मोजणाऱ्या बाईची बोटं तीच. दोन ठिकाणी एकच उत्तर आलं कारण प्रश्न एकच होता. हीही गोष्ट सुंदर आहे, पण ती वेगळी. तिथं कुणी चालत गेलेलं नाही.

गाण्यात मात्र चालणारी माणसं नावानिशी सापडतात. अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या किराणा गावचे. स्थिरावले मिरजेला. म्हैसूरकडं जाता-येता हुबळी-धारवाडात मुक्काम करायचे, कर्नाटक संगीत मन लावून ऐकायचे, त्यागराजांची कृती त्यांनी स्वतः गायली आहे आणि तिची ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळते. १९३७ मध्ये पाँडिचेरीकडं निघालेले असताना वाटेत, चेंगलपट्टूच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनावर ते गेले. सगळं आयुष्य रेल्वेच्या रुळांना धरून. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, कानडी घरातले, आणि नावाजले मराठी नाटकांत स्त्रीभूमिका करून. त्यांच्याकडं शिकायला गंगूबाई हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जायच्या.

गंगूबाईंची एक गोष्ट मला फार आतून लागते. त्यांच्या आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीत गायच्या, आणि उत्तम गायच्या. त्यांचं गाणं ऐकायला खुद्द अब्दुल करीम खाँ येत. लेक हिंदुस्थानी शिकू लागली तेव्हा आपल्या गाण्याची छाया तिच्या सुरांवर पडू नये म्हणून अंबाबाईंनी स्वतःचं गाणं बंद केलं. दोन संगीतं एकमेकांत मिसळली असं आपण किती सहज बोलतो. त्या घरात एका बाईनं गाणं मिटलं तेव्हा दुसरीचं उमललं. देवाणघेवाण म्हणताना आपल्याला घेतलेलं दिसतं; देणाऱ्या घरात पुढं काय राहिलं ते कुणी विचारत नाही. माझ्या पुस्तकातल्या त्या कानडी बाईचं गाणं असंच गेलं असेल का, हे मी अधूनमधून मनात आणतो.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. टिळकवाडीत तेव्हा खणलेली विहीर अजून आहे, मी रोज तिच्यावरून जातो. त्या अधिवेशनात स्वागतगीत गायला उभ्या राहिलेल्यांत ११ वर्षांची गंगूबाई होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, बेळगावच्या अगदी जवळ सुळेभावीला, कोमकलीमठांच्या घरी शिवपुत्र जन्मला होता. आपले कुमार गंधर्व.

इथं येऊन माझा प्रश्न अडतो. आडनावाच्या शेवटी मठ असलेली घरं आमच्याकडं लिंगायत जंगमांची. त्या परंपरेत बाराव्या शतकातल्या अल्लमप्रभूंची एक कथा 'शून्यसंपादने' या कानडी ग्रंथात येते. ही कथा मला अक्कानंच पहिल्यांदा सांगितली, वीज गेलेली असताना, पायरीवर बसून. अल्लम म्हणजे मूळचा मद्दळे वाजवणारा, तालाचा माणूस. त्याला गोरक्ष भेटतो, आपले गोरखनाथ. गोरक्षाचं शरीर साधनेनं वज्र झालेलं. तो म्हणतो, मार तलवार. अल्लम मारतो, खणकन आवाज होतो, एक केसही तुटत नाही. मग अल्लम म्हणतो, आता माझ्यावर चालव. गोरक्ष तलवार फिरवतो आणि ती अल्लमच्या अंगातून नुसत्या हवेतून जावी तशी जाते. पुन्हा फिरवतो, पुन्हा तेच. आवाजच नाही. अक्कानं हात हवेत फिरवून दाखवला होता, आणि काळोखात तो हात मला दिसला नाही, नुसत्या बांगड्या ऐकू आल्या.

आता दुसरीकडं. १९४८ च्या सुमाराला कुमारजी क्षयानं आजारी होऊन माळव्यात देवासला गेले. वर्षानुवर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या बायकांची लोकगीतं कानावर येत, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं येत. बरे झाल्यावर त्यांनी ते गाणं आपल्या गळ्यात घेतलं. त्यातच गोरखनाथांचं 'शून्य गढ शहर' आहे. एका फुफ्फुसावर गाणारा माणूस शून्याचा गड, शून्याचं शहर असं म्हणत जातो, आणि मधे जी शांतता सोडतो तिच्यातून तलवार आरपार जावी.

मी हे दोन्ही शेजारी ठेवून किती रात्री बसलोय. सुळेभावीचा, अल्लमाच्या वाटेवरच्या घरातला मुलगा शेकडो मैलांवर जाऊन गोरखाचं शून्य गातो, आणि त्याच्या जन्मगावाकडं बायका वीज गेल्यावर अल्लम-गोरखाच्या भेटीची गोष्ट सांगतात. चाल सापडत नाही. लहानपणी त्यांनी ती गोष्ट ऐकली असेल असं म्हणायला माझ्याजवळ काही नाही, आणि ते म्हणण्याचा मोह मी आवरतो. कसूतीच्या टाक्यासारखं, प्रश्न एकच म्हणून उत्तर एक, असं म्हणावं तर तेही पुरेसं वाटत नाही. या एका जागी माझा नियम लागू पडत नाही आणि मी तो लावायचा सोडून दिला आहे. ते भजन लागलं की मी काम थांबवतो, एवढंच.

गेल्या माघात अक्काला श्रवणबेळगोळ दाखवायला घेऊन गेलो. तिला बाहुबली पाहायचा होता, मला त्याच्या पायाशी कोरलेली ओळ. रात्रीची बस, मग दुसरी बस, मग अनवाणी सहाशेवर पायऱ्या. ती मधे मधे बसत होती, पण खाली बघत नव्हती. वर गेल्यावर मूर्तीसमोर दोघंही बराच वेळ गप्प होतो. ५७ फूट उंच, हजार वर्षांहून जुनी. कठड्याशी वाकून मी पायाजवळची नागरी अक्षरं शोधली आणि तिला हळूहळू वाचून दाखवली. "श्रीचावुंडराजें करवियलें." ही मूर्ती चावुंडरायानं करवली. मराठीची अगदी जुन्यांतली ओळ, आणि ती आहे इथं, म्हैसूरच्या बाजूला. तीच गोष्ट शेजारी कानडीत आणि तमिळमध्येही कोरलेली. पण अक्काला ती जुनी कानडी अक्षरं लागेनात. "हे माझ्या शाळेतलं नव्हं," म्हणाली आणि थोडी खट्टू झाली.

मी खालची ओळ वाचली. बाराव्या शतकात गंगराजानं मूर्तीच्या भोवतीचं बांधकाम केलं, त्याची. "श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें."

"काय करवियलें?"

"सुत्ताले."

ती हसायला लागली. दम लागलेला होता तरी हसली. मग हात पसरून तिनं मूर्तीभोवतीच्या ओवऱ्यांवरून, त्या सबंध चौकावरून, गोल बोट फिरवलं.

"सुत्त म्हंजे भोवती की रे. आमचं हाय ते, तम्मा. वाच पुन्हा एकदा."

मी पुन्हा वाचलं.